दहा मिनिटांचं यंत्र

निवृत्त झाल्यावर वर्षभर माझी बोटं स्वस्थ बसली नाहीत. चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत स्टेनोग्राफर होते. साहेबांनी बोलायचं, मी लघुलेखनात उतरवायचं आणि मग इंग्रजीत टाइप करायचं. आता घरात कोणी बोलायला लागलं की माझं बोट आपोआप मांडीवर रेघा ओढू लागे. तुमच्या आजोबांच्या ते लक्षात आलं होतं. म्हणायचे, “अगं, मी नुसती कॉफी मागतोय. ते लिहून घ्यायला नको.”

तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर बेंगळुरात चामराजपेटेतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत राहिला. तुमचा जन्म व्हायचा होता. जाण्यापूर्वी त्यांनी मला तो चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, फाइल कुठे ठेवायची हे एका वहीत क्रमवार लिहून दिलं. मी आधी विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून दिले. मग पुस्तकाची पानं जुळवायला शिकले. कुठे मथळा, कुठे तळटीप, कुठे तक्ता, हे काम मला टायपिंगपेक्षाही आवडलं.

एक दिवस एका संस्थेच्या प्राध्यापकांनी बोलावून घेतलं. त्यांचं इंग्रजी त्रैमासिक होतं, बत्तीस पानांचं. ते म्हणाले, “हा एक अंक करून दाखवा. वेळेवर आणि नीट झाला, तर वर्षाचे चारही अंक तुमचे.” दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत पानं फ्लॉपीवर घालून छापखान्यात पोचवायची होती. छापखान्याला पुढचं दुसरं काम होतं. बारा म्हणजे बारा.

मला ते काम हवं होतं. किती हवं होतं ते मी घरात बोलले नाही. साठीला टेकलेल्या बाईनं कामासाठी एवढं आसुसावं हे मलाच जरा विचित्र वाटे.

अडचण एकच होती. छापखाना पानं जुळवायच्या नव्या सॉफ्टवेअरच्याच फाइली घेई, आणि तुमच्या बाबांच्या जुन्या ४८६ जातीच्या कॉम्प्युटरला ते सॉफ्टवेअर पेलत नव्हतं. एक पान उघडेपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी देऊन यायची, तरी पडद्यावरचं घड्याळ फिरतच असायचं. नवा कॉम्प्युटर घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं होतं आणि माझ्या पेन्शनीतला माझ्या खर्चासाठी ठरलेला भाग सोडून आजोबांकडे जास्त मागायचं नाही हे मी ठरवलं होतं. ते या उद्योगाला “तुझं खेळणं” म्हणायचे. खेळण्यासाठी कसं मागणार?

शेवटी ओळखीतून एक गृहस्थ मिळाले. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरोघर कॉम्प्युटर जोडून देत. पन्नाशीचे, कपाळावर विभूती, खिशात नेहमी स्क्रूड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो. त्यांनी पेटी उघडून आत डोकावलं आणि म्हणाले, “मेडम, लॉरीसारखं करू. बॉडी राहू दे, एंजिन बदलू.” म्हणजे पेटी, पडदा, कीबोर्ड, डिस्क, मेमरीच्या पट्ट्या सगळं तेच ठेवायचं, फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे. नवे तरी कुठले! बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यानं आपल्या हपिसातले कॉम्प्युटर बदलायला काढले होते, त्यातला पेंटियम प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड अण्णा स्वस्तात आणणार होते. माझा जुना बोर्ड बदल्यात घेऊन जाणार होते. मी मनात धरलेल्या आकड्यात ते बसत होतं.

महानवमीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ते सामान घेऊन आले. दोन तास जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काम चाललं. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी वडी. तिच्यावर ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा आणि त्यावर चिमुकला पंखा. मी कॉफी करायला आत गेले आणि परत आले तेव्हा तो ठोकळा चापानं बसवूनही झाला होता. मग यंत्र सुरू केलं. ज्या पानाला फोडणीएवढा वेळ लागायचा ते मी चष्मा पुसेपर्यंत उघडलं. मी एकदम उभी राहिले आणि उगाच पुन्हा बसले.

“झाकण लावू नका,” अण्णा म्हणाले. “दोन-तीन दिवस स्वल्प हवा खाऊ दे. मी गावाला जातोय सणाला, सोमवारी संध्याकाळी येऊन लावतो.” त्यांच्या गावी फोन नव्हता. मी म्हटलं, “सरी,” म्हणजे बरं.

आता आमच्या इथल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. महाराष्ट्रात जिला खंडेनवमी म्हणतात ती बेंगळुरात आयुधपूजा. बस, ऑटो, करवतीपासून कात्रीपर्यंत ज्या हत्यारावर पोट चालतं ते त्या दिवशी आधी लख्ख पुसायचं, मग पुजायचं. आमच्या कचेरीत प्रत्येक टायपिस्टला आपलं मशीन स्वतः साफ करावं लागे. शिपाई स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन फिरायचा. अक्षरांच्या दांड्यांत वर्षभराची शाई आणि ग्रीस साचलेलं असे. ते निघालं की नाही हे हेडक्लार्क बोट फिरवून बघायचे. मग शेवंतीची माळ, कुंकू, आणि कागदाच्या पुड्यांतून चुरमुरे-डाळं. चौतीस वर्षांत माझ्या मशीनवरून फिरवलेलं त्यांचं बोट एकदाही काळं झालं नव्हतं.

तर शुक्रवारी सकाळी, न्हाऊन झाल्यावर, मी आधी विळी घासली, शिवणयंत्राला तेल दिलं आणि मग स्पिरिट घेऊन कॉम्प्युटरपाशी बसले. वायर काढून ठेवली होती. कारखान्यातली धूळ पंख्याच्या पात्यांवर होती, ती ब्रशनं काढली. आणि मग मला दिसलं की त्या दातेरी ठोकळ्याच्या कडेनं काहीतरी पांढरं, चिकट बाहेर आलं आहे. टूथपेस्टसारखं. जुन्या मालाचं जुनं ग्रीस, मला वाटलं. चाप सोडला, ठोकळा उचलला. आत तर लपालपा भरलं होतं. मी वडी पुसली, ठोकळा पुसला, स्पिरिटचा कापूस तीनदा बदलला, सगळं चकचकीत केलं आणि चाप पुन्हा बसवला. मग कापूस टाकून हात धुतले. अगदी समाधान वाटलं.

पूजा अक्कांनी केली. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असायच्या. तेव्हा सत्तरीच्या होत्या. देवाधर्माचं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी विळीला, शिवणयंत्राला, आजोबांच्या स्कूटरला आणि मग कॉम्प्युटरच्या पेटीला हळदकुंकू लावलं, वर शेवंती ठेवली. झाकण नव्हतंच, त्यामुळे चिमूटभर कुंकू आणि दोन पाकळ्या आत पडल्या. मी म्हटलं, “अक्का, आत नको!” त्या म्हणाल्या, “पोटात गेलं तर काय बिघडतं? देवीचं आहे.” मी पाकळ्या काढल्या, कुंकू ब्रशनं झटकलं.

दुपारी जेवण झाल्यावर कामाला बसले. पहिलं पान जुळवलं, दुसरं उघडलं, आणि पडदा गोठला. बाण हलेना. बंद करून सुरू केलं. पुन्हा थोडा वेळ चाललं आणि गोठलं. चार वेळा तसंच.

आजोबा दारात येऊन उभे राहिले. “कुंकू लावून सवाष्ण केलीत तिला, आता बाळंतिणीसारखी पडून राहिली!”

मला हसू आलं नाही. मी अक्कांकडे वळले आणि जे बोलले ते त्यांच्या वयाच्या माणसाशी बोलू नये असं होतं. किती वेळा सांगितलं, यंत्राला हात लावू नका. देव सगळीकडे घातलाच पाहिजे का? माझं एक काम होतं, एक, तेही तुम्हांला राहू द्यायचं नव्हतं. आजोबा ऐकत होते. अक्का हातातलं तबक घेऊन आत गेल्या. रात्री पानावर बसल्या नाहीत. दूध आणि केळं घेतलं. मी विचारलं तर म्हणाल्या, “यंत्र नीट होईपर्यंत मला अन्न नको. माझ्या हातून झालंय.”

शनिवारी विजयादशमी. दुकानं बंद असणार हे मला माहीत होतं, तरी घरात बसवेना. ऑटो करून एस. पी. रोडला, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. सगळी शटरं खाली, दारांना केळीचे खांब, आणि रस्ताभर फोडलेले कोहळे, कुंकवानं लाल झालेले. ऑटोवाला त्यांना चुकवत चुकवत नेत होता. “कोण भेटणार, अम्मा? सगळे झोपलेत. चला परत. सणाचं स्वल्प जास्ती द्या.” गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरवलं त्याला. एकही शटर उघडं नव्हतं.

परत येताना एक गोष्ट लक्षात आली. यंत्र लगेच बंद पडत नव्हतं. काही वेळ चालायचं, मग पडायचं. मी घरी आल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दहा मिनिटं. पुन्हा केलं. पुन्हा दहाच. मध्ये वीस मिनिटं थंड होऊ दिलं तर दहा मिनिटं मिळत, नाही तर चारच. टेबलफॅन उघड्या पेटीवर लावला तेव्हा आणखी दोन मिनिटं मिळाली.

म्हणजे हिशोब सरळ होता. अर्ध्या तासात एक पान. एकतीस पानं उरलेली. सोमवार दुपारपर्यंत.

तेव्हापासून मी जे केलं त्याला काम म्हणावं की येरझाऱ्या, मला ठरवता येत नाही. सुरू करायचं, मथळा ठेवायचा, मजकूर ओतायचा, तळटीप सरळ करायची, सेव्ह करायचं, बंद करायचं, उठायचं. मग वीस मिनिटं. वीस मिनिटांत माणूस ना झोपू शकतो ना स्वयंपाक करू शकतो. मी धुतलेले कपडे घडी केले, घडी मोडून परत केले. फाटकापर्यंत गेले आणि आले. बोट मांडीवर चालूच.

माझं मान वर करून घड्याळ बघणं चुकायचं आणि पडदा गोठून केलेलं वाया जायचं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा अक्का जपाची माळ घेऊन माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसल्या. “मी सांगते,” म्हणाल्या. “माझ्या तीन माळा म्हणजे नऊ मिनिटं. तिसरीचा मेरुमणी आला की ठेव म्हणेन.” आणि खरोखर, त्यांच्या माळेत घड्याळाइतकाही फरक पडत नव्हता. ओठ हलत असायचे, मणी सरकत असायचे, आणि मग एकदम, “ठेव.” मी सेव्ह करायची. त्या दिवशी पुढे एकही पान वाया गेलं नाही. दसऱ्याचं पक्वान्न घरात झालं नाही. आजोबांनी चौकातल्या हॉटेलातून डोसे आणले. अक्कांनी दूध घेतलं.

संध्याकाळी, यंत्र नुकतंच गोठलेलं असताना, मी पंखा किती गरम झाला ते बघायला आत बोट घातलं. दातेरी ठोकळा जवळजवळ गार होता. मला ते विचित्र वाटलं. सगळी उष्णता कुठे गेली? मी वायर काढली, चाप सोडला, ठोकळा उचलला आणि खालच्या वडीला बोट लावलं. बोट भाजलं.

मी ठोकळा दिव्यापुढे धरला. जुना होता, पाठ सपाट नव्हती, मधोमध किंचित खोलगट होती. वडीवर ठेवला की मध्ये फट राहत होती. त्या फटीत काहीतरी भरायला हवं होतं, उष्णता वर पोचवणारं. आणि ते कोणीतरी भरलं होतं. मी ते तीन कापूस वापरून पुसून टाकलं होतं.

कुंकवाचा काही संबंध नव्हता.

मी ठोकळा परत बसवला. मागे स्टुलावर अक्का माळ धरून बसल्या होत्या. “काय झालं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काही नाही. गरम आहे.”

हे मला सोपं गेलं, हेच सांगायचं आहे तुम्हांला. इतकं सोपं की त्या वेळी मला ते खोटं वाटलंही नाही. सोमवारी अण्णा येतील, ते काय ते बघतील. आत्ता मध्येच वाद नको. अक्का माळ घेऊन बसताहेत तोवर पानं होताहेत. असं सगळं मी स्वतःला क्रमवार सांगितलं. रात्री झोपायला गेले तेव्हा अकरा पानं झाली होती.

रविवारी सकाळपासून पुन्हा तेच. सुरू, ओत, ठेव, बंद, ऊठ. अक्कांचा आवाज बारीक झाला होता. दुपारी एकदा “ठेव” म्हणायला त्या थोड्या उशिरा म्हणाल्या. मी वळून पाहिलं तर त्यांनी भिंतीला डोकं टेकलं होतं. माळ मात्र चालू होती.

“अक्का, जेवा आता.”

“नीट होऊ दे.”

“ते तुमच्यामुळे झालेलं नाही.” पुढचं वाक्य तोंडातून निघायला मला वेळ लागला. “मी पुसलं. आतलं औषध होतं, मी मळ समजून पुसलं. नवमीच्या सकाळी.”

“कधी कळलं तुला?”

“काल. संध्याकाळी.”

अक्कांनी माळ गुंडाळून कमरेला खोचली. “म्हणजे मी उपाशी, आणि तुला कालपासून ठाऊक.”

मी मान हलवली.

“मला नको सांगूस,” त्या उठत म्हणाल्या. “ज्याच्यासमोर बोललीस त्याच्यासमोर सांग.”

आजोबा पडवीत पेपर वाचत होते. मी जाऊन उभी राहिले, कचेरीत साहेबांसमोर उभी राहायचे तशी, आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला. मला वाटलं थट्टा करतील. थट्टा मला चालली असती. ते म्हणाले, “चौतीस वर्षं लोकांच्या चुका खोडून टाइप केल्यास. एक स्वतःची निघाली, तर ती अक्काच्या नावावर घातलीस होय?” आणि उठून त्यांनी स्वतः अक्कांसाठी भात वाढला. अक्का जेवल्या. मला कोणी बोलावलं नाही.

चौदा पानं उरली होती. मी घड्याळ समोर ठेवून एकटी बसले. एक पान झालं. दुसऱ्याच्या वेळी तक्त्यात गुंतले आणि पडदा गोठला. तेच पान परत. सेव्ह करायला हात नेला आणि पुन्हा गोठला. मी टेबलापासून उठले, बसले, उठले. खिडकीचा पडदा सरळ केला. फाटकापर्यंत जाऊन आले तर स्टुलावर अक्का.

“बघतेस काय? सुरू कर.”

“अक्का, मी तुम्हांला—”

“ते मग. मी अजून रागावलेली आहे, तो राग कुठे जात नाही. यंत्र थंड झालंय, तो वेळ जातोय.” त्यांनी माळ काढली. “आणि आज माझ्या पोटात भात आहे, माळ जरा हळू चालेल. अडीच माळांनाच सांगेन.”

शेवटचं पान सोमवारी सकाळी साडेनवाला झालं. दोन फ्लॉप्या घेऊन मी ऑटोनं छापखान्यात गेले. मॅनेजरनं त्या आपल्या यंत्रात घातल्या. त्याचं यंत्र घर्र घर्र करत राहिलं आणि मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून मनातल्या मनात मिनिटं मोजत राहिले. पान एक उघडलं. त्यानं भराभर पुढे नेलं. बारा, वीस, बत्तीस. एका जागी थांबून त्यानं तळटीप मोठी करून पाहिली. मग टेबलावरचा फोन उचलून प्राध्यापकांना लावला आणि म्हणाला, “आलंय सर. हो. नीट आहे.” थोडं ऐकून त्यानं रिसीव्हर खाली ठेवला. “पुढच्या अंकाचा मजकूर पंधरा दिवसांत तुमच्या घरी पाठवतो म्हणाले.”

घरी आले तर अक्का ओट्यापाशी नारळ खोवत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, “दिलं काम?”

“दिलं. वर्षातून चार वेळा.”

खोवणं थांबलं. “चार वेळा? मग त्या अण्णाला आल्याबरोबर ते औषध भरायला सांग. दर तीन महिन्यांनी उपास मला झेपायचा नाही.” आणि मग, पुन्हा खोवायला लागत, “तुझं पान वाढून ठेवलंय. हात धुऊन घे.”

अण्णा पाच वाजता आले. ठोकळा उचलून त्यांनी आतून पाहिला, मग माझ्याकडे. मीच सांगितलं. त्यांनी हसू दाबलं आणि खिशातून एक लहानशी ट्यूब काढली. वडीच्या मधोमध त्यांनी ते पांढरं भरलं, ठोकळा दाबला, कडेनं थोडं बाहेर आलं. ते पुसायला माझा हात पुढे गेलाच होता. मी तो मागे घेतला आणि चाप बसेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.